अंदाज आधी, माप नंतर : तिसरी-चौथीच्या वर्गातील मापनाचे एक वर्ष

शिरपूर तालुक्यात, तापीच्या उत्तरेला सातपुड्याच्या दिशेने पसरलेल्या कापूस-केळीच्या पट्ट्यात एका गावी मी जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत शिकवते. शाळा दुशिक्षकी आहे. पहिली-दुसरी माझ्या सहकारी सरांकडे आणि तिसरी-चौथी माझ्याकडे, एकाच खोलीत. बहुतेक मुलांची घरची बोली अहिराणी, काही पावरा आदिवासी कुटुंबांतली. घरी शेती किंवा शेतमजुरी, त्यामुळे वजनकाटा, ठिबकची नळी, कासरा, हंडा या वस्तू त्यांच्या रोजच्या हाताखालच्या. आणि तरीही गणिताच्या पुस्तकातला ‘मापन’ हा घटक आला की हीच मुले अनोळखी गावात आल्यासारखी गप्प होत असत. ‘एक किलो म्हणजे किती ग्रॅम?’ या प्रश्नाला साऱ्या वर्गाचे एकसुरात ‘हजार’ असे उत्तर येई. परंतु हातात कांदा देऊन ‘हा किती ग्रॅमचा असेल?’ असे विचारले तर कोणी ‘पाच’ म्हणे, कोणी ‘दोन हजार’.

गेल्या शैक्षणिक वर्षात मी ठरवले की मापन हा दोन-तीन आठवड्यांत संपवायचा धडा न ठेवता जूनपासून एप्रिलपर्यंत वर्गात सतत चालू राहणारे काम करायचे आणि त्यासाठी एकच नियम पाळायचा : कोणतीही वस्तू मोजण्यापूर्वी तिचा अंदाज लिहायचा. प्रत्येक मुलाच्या वहीत चार रकाने आखले – वस्तू, माझा अंदाज, माप, फरक. त्या चार रकान्यांभोवती वर्षभरात काय घडले, ते येथे लिहीत आहे. ‘निपुण भारत’ अभियान जुलै २०२१ मध्ये सुरू झाल्यापासून तिसरीअखेर पायाभूत साक्षरता आणि संख्याज्ञान यांवर आपल्याकडे पुष्कळ बोलले जाते. त्या संख्याज्ञानात अंदाजाला नेमकी कोणती जागा द्यायची, हे मला याच वर्षात उमजत गेले.

सुरुवात पावसाने झाली, कारण जूनमध्ये गावात दुसरा विषयच नसतो. शीतपेयाच्या दोन लिटरच्या रिकाम्या बाटलीचे पर्जन्यमापक आम्ही तयार केले. बाटलीचा वरचा निमुळता भाग कापून तो उलटा, नरसाळ्यासारखा बसवला. त्यामुळे आत पडलेले पाणी उन्हाने लवकर उडून जात नाही. बाटलीचा तळ मात्र खाचाखाचांचा असतो, तेथून मोजले तर माप चुकते. म्हणून तळाशी खडे टाकून, भिंत सरळ होते तिथपर्यंत पाणी भरले आणि त्या पाण्याच्या रेषेवर शून्य येईल अशी मिलिमीटरची कागदी पट्टी बाहेरून चिकटवली. जागा निवडताना चर्चा झाली. व्हरांड्याजवळ ठेवू, असे बहुतेकांचे म्हणणे होते. मग एका मुलीने पत्र्यावरून गळणाऱ्या पागोळ्यांकडे बोट दाखवले आणि बाटली मैदानाच्या मध्यावर, झाडांपासून दूर, चार विटांच्या आधाराने उभी राहिली.

हवामान खाते पावसाची चोवीस तासांची नोंद सकाळी साडेआठला घेते, असे मी मुलांना सांगितले होते. आमची शाळा त्या वेळी भरत नाही. शाळेला लागून घर असलेल्या चौथीतल्या दोन बहिणींनी ते काम अंगावर घेतले आणि रविवार-सुटी न पाहता वर्षभर निभावले. नोंद झाली की पाणी पुन्हा शून्याच्या रेषेवर आणून ठेवायचे, हेही त्याच पाहत. खात्याच्या हिशेबात २.५ मिलिमीटर किंवा त्याहून अधिक पाऊस झाला तरच तो ‘पावसाचा दिवस’ धरतात, हे ऐकून मुले प्रथम नाराज झाली. अंगणात भिजून आलेल्या मुलाला आज पावसाचा दिवस नव्हता हे पटणार कसे? पण पुढे शेतातून येताना तीच मुले ‘माती फक्त वरून ओली आहे, आजचा धरायचा नाही’ असे आपापसांत ठरवू लागली.

जुलैमध्ये लांबलचक उघडीप पडली. खानदेशात अशा उघडिपीचा अर्थ लहान मुलांनाही कळतो. दुबार पेरणी हा शब्द त्यांच्या घरात जेवताना उच्चारला जातो. पावसाच्या नोंदीच्या तक्त्यावरचे त्या दिवसांचे चौकोन मात्र रिकामे राहू लागले होते, कारण पाऊसच नाही तर लिहायचे काय, असे नोंद घेणाऱ्या बहिणींना वाटले. मी तो प्रश्न वर्गापुढे ठेवला. बराच वेळ उलटसुलट बोलणे झाल्यावर तिसरीतला एक मुलगा म्हणाला, की चौकोन रिकामा असेल तर कोणी बघायला गेले की नाही तेच कळत नाही. त्या दिवसापासून कोरड्या दिवशी ० लिहिले जाऊ लागले. शून्य म्हणजे ‘काही नाही’ असे आपण पहिलीपासून सांगत येतो. ‘पाहिले, आणि नव्हते’ हा त्याचा दुसरा अर्थ माझ्या वर्गाला त्या कोरड्या जुलैने दिला, आणि हजेरीपटापासून विज्ञानाच्या प्रयोगापर्यंत तो पुढे त्यांना सगळीकडे लागणार आहे.

मिलिमीटर पाऊस म्हणजे प्रत्यक्ष किती पाणी, हे दाखवण्यासाठी व्हरांड्याच्या फरशीवर खडूने एक मीटर लांब आणि एक मीटर रुंद असा चौरस आखला आणि त्याच्या कडेने ओल्या मातीचा बांध घातला. आत एक लिटर पाणी ओतायचे होते. अंदाज आधी लिहून घेतले : कोणी ‘बोटभर’ लिहिले, कोणी ‘घोट्यापर्यंत’. पाणी ओतल्यावर ते सगळीकडे जेमतेम पसरले, कारण एक चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी म्हणजे बरोबर एक मिलिमीटर उंची. मुले वाकून, गाल फरशीला टेकवून ती उंची पाहत होती. नंतर ‘वीस मिलिमीटर झाला’ असे कोणी म्हटले, की चौरसागणिक वीस लिटर, म्हणजे एका मोठ्या हंड्याहून जास्त, असा हिशेब चौथीतली काही मुले आपण होऊन सांगू लागली.

लांबीचे काम तुलनेने लवकर झाले. वर्गातले एकच टेबल सगळ्यांनी वितीने मोजले आणि उत्तरे आठपासून अकरापर्यंत आली. ‘मनी वीत धाकली शे,’ असे कारण एका मुलीने लगेच दिले, आणि तिच्या शेजारच्याने माझ्याकडे पाहून ‘म्याडमनी मोठी शे’ अशी भर घातली. सर्वांची वीत सारखी नसते, म्हणून सर्वांना सारखे असे काहीतरी हवे, ही गरज त्यांच्या तोंडून निघाल्यावरच मी मीटरपट्टी बाहेर काढली. मीटर आधी दाखवून मग त्याचे महत्त्व समजावणे मला आता उलटे वाटते.

खरा रस निर्माण झाला तो वजनात, आणि त्याला वेळही सर्वांत जास्त द्यावा लागला. शाळेत तराजू नव्हता. एक सरळ काठी, दोन करवंट्या आणि सुतळी यांचा तराजू मुलांनी गटागटाने बनवला. काठीच्या बरोबर मध्यावर दोर बांधूनही ती एका बाजूला झुके, कारण दोन करवंट्या सारख्या जड नसतात. हलक्या करवंटीच्या तळाला मातीचा छोटा गोळा चिकटवून काठी आडवी आणायची युक्ती एका गटाला सापडली आणि पाहता पाहता ती साऱ्या वर्गात गेली. रिकामा तराजू आधी समतोल करायचा असतो, हे मला सांगावे लागले नाही.

वजने करण्यासाठी गावातल्या किराणा दुकानदारांकडून १०० ग्रॅमचे वजन दोन दिवसांसाठी मागून आणले आणि तेवढ्या भाराच्या वाळूच्या पुरचुंड्या कापडात बांधल्या. ५० ग्रॅमचे वजन मी मुद्दाम आणले नव्हते. एका पुरचुंडीतली वाळू दोन्ही पारड्यांत थोडीथोडी टाकत, काठी आडवी होईपर्यंत वाटायची, म्हणजे दोन्हीकडे पन्नास-पन्नास ग्रॅम उरतात – हा मार्ग चौथीच्या मुलांनी काढला, आणि त्याच रीतीने पंचवीसपर्यंत गेली. अर्धा आणि पाव या अपूर्णांकांवर मी आजवर कागदाच्या घड्या घालून जे शिकवत होते, ते त्या दिवशी वाळूने अधिक पक्के केले. पावकिलो, अर्धा किलो, पाऊण किलो हे शब्द तर मुले बाजारात रोज ऐकतात. त्यांच्यासमोर २५०, ५०० आणि ७५० हे आकडे लिहिले गेले तेव्हा दोन वेगवेगळ्या ठिकाणचे ज्ञान एकमेकांना भेटले.

याच काळात चार रकान्यांची खरी अडचण पुढे आली. मुले वस्तू मोजून झाल्यावर अंदाजाचा रकाना भरू लागली, आणि साहजिकच सर्वांचे अंदाज तंतोतंत बरोबर येऊ लागले. त्यांना दोष देण्यात अर्थ नव्हता. शाळेत बरोबर उत्तराला शाबासकी मिळते हे त्यांनी पहिल्या दिवसापासून पाहिलेले असते. मी दोन बदल केले. अंदाज पाटीवर लिहून पाटी फळ्याच्या कडेला उलटी ठेवायची, मगच तराजूला हात लावायचा. आणि फरकाच्या रकान्याला कधीही गुण द्यायचे नाहीत. त्याऐवजी मी दर शनिवारी प्रत्येकाला एकच विचारू लागले, की मागच्या आठवड्यापेक्षा तुझा फरक कमी झाला का. शंभर ग्रॅमची पुरचुंडी डाव्या हातात आणि वस्तू उजव्या हातात धरून, डोळे मिटून वजन ताडून पाहण्याची सवय मुलांनी स्वतःच लावून घेतली. दिवाळीपर्यंत कांदा ‘दोन हजार ग्रॅमचा’ सांगणारे कोणी राहिले नव्हते. बहुतेकांचा फरक वीस-तीस ग्रॅमच्या आत आला होता.

सप्टेंबर-ऑक्टोबरपासून कापसाची वेचणी सुरू होते आणि वर्गातली हजेरी ढासळते. मोठी मुले आईबरोबर शेतात जातात किंवा घरी धाकट्या भावंडांना सांभाळतात. वाचनात बराच मागे असलेला आणि त्यामुळे वर्गात अंग चोरून बसणारा एक मुलगा या दिवसांत आठवड्यातून दोन-तीनदाच येई. एके दिवशी मी एका पालकांकडून टांगायचा काटा मागून आणला आणि तो कसा वाचायचा हे सांगू लागले, तेव्हा याने मला थांबवून, काटा हलायचा थांबेपर्यंत वाट पाहायची आणि डोळे त्याच्या समोर धरायचे, वरून किंवा खालून बघायचे नाही, असे सर्वांना समजावले. वेचणीची मजुरी किलोवर मिळते. संध्याकाळी आईचा कापूस तोलला जातो तेव्हा तो शेजारी उभा राहून आकडा पाहत असतो. ‘साडेबारा किलो’ तो सहज वाचत होता, लिहिता मात्र येत नव्हते. त्या आठवड्यात वजनाचा गटप्रमुख तोच झाला. हजेरी त्याने लगेच भरून काढली असे नाही, परंतु येई त्या दिवशी तो पुढच्या रांगेत बसू लागला आणि काट्यावरचे आकडे वहीत उतरवता उतरवता त्याचे संख्यालेखन सुधारले.

कापूसच हाताशी होता, म्हणून त्यावरही एक प्रयोग केला. प्रत्येक गटाला १५० ग्रॅम कापूस तोलून दिला आणि हाताने सरकी (बी) व रुई (तंतू) वेगळी करायला सांगितले. दोन्हींपैकी जड काय असेल, याचा अंदाज आधी. रुईचा ढीग टोपलीभर, सरकी ओंजळभर. जवळजवळ साऱ्या वर्गाने रुई लिहिली. तोलल्यावर रुई पन्नास ग्रॅमच्या आसपास आणि सरकी तिच्या जवळपास दुप्पट निघाली. कापसात वजनाने साधारण एक तृतीयांश रुई असते, आणि जिनिंगमध्ये कापसाचे काय होते हे या भागातल्या मुलांनी ऐकलेले असते, पण मोठे दिसणारे हलके आणि लहान दिसणारे जड असू शकते, हे त्यांना त्या दिवशी हातांनी कळले. दोन्हींची बेरीज १५० का भरत नाही, यावर एका गटाने टोपलीच्या तळाशी राहिलेला पाला-कचरा गोळा करून तोही पारड्यात टाकला. मला त्या गटाचे सर्वांत अधिक कौतुक वाटले.

एका मुलीच्या आजी आपल्या घरातली जुनी पायली घेऊन वर्गात आल्या. चार शेरांची पायली, आणि ज्वारी देताघेताना ती सपाट भरायची की शीग लावून, यावरून पूर्वी कशी घासाघीस चाले, हे त्यांनी अहिराणीतून इतके रंगवून सांगितले की मुले जागची हलली नाहीत. मग पायलीभर दादर ज्वारी आणि पायलीभर बाजरी वेगवेगळी तोलली; माप एकच असून वजने सारखी आली नाहीत. १९५६ च्या कायद्याने देशात दशमान मापे आली आणि पुढच्या काही वर्षांत शेर, मण बाजारातून उठले, एवढे मी जोडले. ‘मंग आते ही पायली खोटी का?’ या एका मुलाच्या प्रश्नावर आजींनी दिलेले उत्तर मला फार आवडले : पायली खोटी नाही, पण तुझी पायली आणि माझी पायली एक आहे हे कोण ठरवणार?

शालेय पोषण आहाराचा हिशेब तर शाळेत रोज होतो, फक्त तो शिक्षकांच्या नोंदवहीत होतो. प्राथमिक वर्गांसाठी दर मुलामागे १०० ग्रॅम तांदूळ, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी असे प्रमाण ठरलेले आहे. हिवाळ्यात मी तो हिशेब चौथीकडे सोपवला. ४३ मुले हजर असतील तर तांदूळ ४ किलो ३०० ग्रॅम, डाळ ८६० ग्रॅम, भाजी २ किलो १५० ग्रॅम. फळ्याच्या कोपऱ्यात हे आकडे मांडून मुले ते स्वयंपाकाच्या मावशींना नेऊन देत. गुणाकाराचा कंटाळा करणारी मुलेही येथे चुकू नये म्हणून दोनदा पडताळत, कारण चूक झाली तर कोणाच्या तरी ताटात कमी पडणार हे त्यांना दिसत होते.

धारकतेसाठी आम्ही शेतात गेलो. शाळेमागच्या केळीच्या बागेला ठिबक आहे, आणि त्या शेतकऱ्यांच्या सांगण्याप्रमाणे त्यांच्या तोट्या तासाला चार लिटर पाणी देणाऱ्या आहेत. शेतीला वीज कधी दिवसा, कधी रात्री मिळते, म्हणून दिवसपाळी असलेला आठवडा गाठावा लागला. नळीच्या सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी तोटीखाली लहानसा खड्डा करून त्यात एक-एक लिटरची बाटली बसवली. तासाला चार लिटर, तर एक लिटरला किती वेळ? हे गणित चौथीने बांधावर बसून सोडवले आणि पंधरा मिनिटे असे उत्तर ठरले. पहिली बाटली त्या सुमारास भरली. मधली थोडी मागे राहिली. शेवटची मात्र त्या वेळी अर्धीही झाली नव्हती.

पंधरा मिनिटे हे उत्तर चुकले का, यावर मुलांत वाद पेटला. मी काही बोलले नाही. शेतकरी काका जवळच उभे होते. त्यांनी शेवटची तोटी काढून आतला पांढरा थर दाखवला. बोअरच्या पाण्यातले क्षार बसून तोट्या तुंबतात, आणि नळीच्या टोकाशी गाळही साचतो. त्यांनी टोकाचे बूच उघडून नळी धुऊन काढली, तोटी बदलली, आणि दुसऱ्या फेरीत ती बाटलीही पुष्कळ पुढे गेली. गणित बरोबर होते आणि मापही बरोबर होते. दोहोंत फरक होता, म्हणून दोष सापडला. फरकाच्या रकान्याकडे त्यानंतर मुलांनी वेगळ्या नजरेने पाहिले, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण तोपर्यंत मोठा फरक लिहिताना ती जी कचरत असत, ते कचरणे त्या सहलीनंतर जवळजवळ थांबले.

आसपासच्या शाळांच्या केंद्राच्या शिक्षण परिषदेत हे काम मांडले तेव्हा एका शिक्षकांनी रास्त प्रश्न विचारला, की एवढा वेळ मिळतो कसा. उत्तर असे, की बहुवर्ग अध्यापनात एका इयत्तेला शिकवताना दुसरीला काम द्यावेच लागते. ते काम पुस्तकातली उदाहरणे उतरवण्याऐवजी तराजूवर देता येते. वेळ जातो तो साहित्य जमवण्यात. दुसरा आक्षेप पालकांकडून आला होता : पोरगी शाळेत वाळू खेळते, असे एका वडिलांचे म्हणणे. त्यांना मी वर्गात बोलावले, हातात एक वांगे दिले आणि अंदाज पाटीवर लिहायला सांगितले. त्यांचा फरक त्यांच्या मुलीपेक्षा जास्त निघाला. ते हसले, आणि दुसऱ्या दिवशी घरची जुनी लोखंडी वजने त्यांनी शाळेला आणून दिली.

एप्रिलमध्ये मी लेखी चाचणीबरोबर एक तोंडी-कृती चाचणी घेतली. पूर्वी कधी न मोजलेल्या वस्तू प्रत्येकासमोर ठेवल्या : एक पोते, एक तांब्या, एक लाकडी फळी. बहुतेकांनी योग्य एकक निवडले, समजेल असा अंदाज केला आणि नीट मोजले. पण तिसरीतल्या काही मुलांचे एक दुखणे अजून गेलेले नाही. फळी मोजताना ती पट्टी शून्याऐवजी १ या आकड्यापासून लावतात आणि उत्तर एकाने जास्त देतात. म्हणजे ती रेघा मोजतात, रेघांमधली जागा मोजत नाहीत. पर्जन्यमापकावर शून्याची रेषा रोज पाहूनही हे त्यांच्यापर्यंत पोचलेले नाही. यंदा जूनमध्ये मी त्यांच्या हातात सुरुवातीचे टोक तुटलेली, ४ पासून पुढची फूटपट्टी देणार आहे. तिने पेन्सिल मोजायची असेल तर आकडा वाचून भागणार नाही. दोन रेघांमधली अंतरे एकेक करून मोजावीच लागतील.